वेळेवर पक्षाच्या अध्यक्षा

जुळे सोलापुरात मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या विजयमाला मोहोळकर एका राजकीय पक्षाच्या संस्थापक अध्यक्षा होत्या. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग पक्षाचं नाव विचारतात आणि नाव ऐकून पुन्हा हसतात. पक्षाचं नाव होतं ‘वेळेवर पक्ष’.

मी त्यांना काकू म्हणतो. काकूंना वेळेचं वेड माहेराहून आलं. त्यांचे वडील केमच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते आणि रुळाशेजारच्या क्वार्टरमध्ये काकूंचं लहानपण गेलं. गाडीला उशीर झाला की वडिलांना जेवायला येता यायचं नाही, आणि वडील आल्याशिवाय घरात पान वाढलं जायचं नाही. भलत्याच कुणाच्या उशिरापायी आपण उपाशी राहतो, हे काकूंना शाळेत जायच्या आधीच कळलं होतं. पुढं त्या सोलापुरात एका शाळेत मुख्य लिपिक झाल्या. घंटा शिपाई वाजवायचा, पण काकूंनी मान हलवल्याशिवाय टोल पडत नसे.

असं असून नवरा मिळाला तो सुबोधकाकांसारखा. काका दुसऱ्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. स्वतःच्या लग्नाला नवरदेव इतका उशिरा पोचला की मुहूर्त टळला असं दिसू नये म्हणून तो येईपर्यंत मंगलाष्टकं ताणत ताणत भटजींचा घसा बसला. काका हे अजूनही कौतुकानं सांगतात. काकू तेव्हा उठून आत जातात.

पक्षाचं मूळ मात्र त्यांच्या मुलीच्या, इंद्रायणीच्या साखरपुड्यात आहे. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्याची आम्हाला सवय झालेली आहे. टाक्या आहेत, पिंपं आहेत. नेमकं किती वाजता येईल एवढं मात्र कुणी सांगू शकत नाही. साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडची मंडळी बैठकीत येऊन बसली, गुरुजींनी अंगठ्या मागितल्या, आणि मागच्या दारी नळाला पाणी आल्याचा आवाज आला. घरातल्या सगळ्या बायका शालू खोचून पाइप ओढायला धावल्या. बैठकीत बायकांपैकी मुलाची आई तेवढी उरली. तीही सोलापूरचीच होती. तिनं थोडा वेळ इकडंतिकडं पाहिलं, मग पैठणीचा पदर कमरेला बांधून तीही बादल्या भरायला आली. साखरपुडा झाला, छान झाला, पण पाहुणे गेल्यावर काकू पायरीवर बसून राहिल्या.

“पाच दिवसांनी येतं ह्याचं मला काही नाही,” त्या म्हणाल्या. “येणार कधी, एवढं सांगायला काय होतं?”

हा प्रश्न घेऊन त्या भागातल्या एका नगरसेवकाकडं गेल्या. त्यानं सांगितलं की सत्ता दुसऱ्या पक्षाची आहे, त्यांना विचारा. त्या दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाकडं गेल्या. त्यानं सांगितलं की वरचं सरकार आमचं नाही, आम्ही काय करणार. काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या तर दोघं एकाच पक्षात आले होते आणि एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसले होते. आता दोघांचंही उत्तर एकच होतं: बघू.

त्या संध्याकाळी काकूंनी मला खाली चहाला बोलावलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो.

“सर, तुम्ही मुलांना पक्ष शिकवता ना? मग मला सांगा, ह्यातला वेळेवर येणारा पक्ष कुठला?”

मी हसत हसत त्यांना अकरावीच्या वर्गात सांगतो तेच सांगितलं. काही देशांत एकच पक्ष असतो, दुसरा काढायची सोयच नसते. काही देशांत दोन मोठे पक्ष असतात, कधी हा राज्य करतो, कधी तो. आपल्याकडं पुष्कळ पक्ष आहेत. स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं पक्ष पुष्कळ असूनही एकाचंच राज्य चालायचं, पुढं ते मोडलं आणि दहाजणांनी मिळून सरकारं करायचे दिवस आले. काकू तांदूळ निवडत ऐकत होत्या.

“म्हणजे आपल्याकडं कुणीही पक्ष काढू शकतं?”

“कायद्यानं हो. घटना लिहावी लागते, शंभर मतदारांची प्रतिज्ञापत्रं द्यावी लागतात...”

“शंभरच?” काकूंनी विचारलं.

मला वाटलं त्या गंमत करताहेत. पुढच्या रविवारी बैठकीत सतरंजी घातलेली होती आणि मला खाली बोलावणं होतं.

पक्षाची घटना अण्णाराव बिराजदारांनी लिहिली. अण्णाराव म्हणजे सुबोधकाकांचे सकाळच्या फिरण्याचे जोडीदार, निवृत्त विस्तार अधिकारी. शासकीय मराठीत लिहायला मिळतंय याचा त्यांना इतका आनंद झाला की घटना वाजवीपेक्षा तिप्पट लांब झाली. ते सरचिटणीस झाले. शंभर माणसं जमवताना मात्र दमछाक झाली. कॉलनीतली झाली, शाळेतले जुने शिपाई झाले, भाजीवाल्या चिमाबाई झाल्या. मागच्या गल्लीतल्या विणकर घरांत काकू स्वतः गेल्या. तिथल्या आजींना मराठी कळायचं पण बोलायला तेलुगूच लागायची, तर सून मध्ये बसून सांगू लागली. तरी आकडा पुरेना. तेव्हा काकूंचे धाकटे भाऊ शहाजीमामा केम आणि जेऊरची माणसं टेंपोत घालून घेऊन आले.

“आक्का, ही समदी मतदार हायत,” मामा म्हणाले. “पन कुटल्या पक्षाची हायत त्ये तेवडं इचारू नगं.”

मी मध्ये पडलो. दुसऱ्या पक्षाचा सभासद चालत नाही, तसं प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं, असं सांगितलं.

“मग काय बी अडचन न्हाई सर. आमच्याकडं पक्ष न्हाईतच, पॅनेलं हायत. दोन. सकाळचा चा ह्या पॅनेलच्या चुलत्याकडं, सांजचा त्या पॅनेलच्या मेव्हन्याकडं. सभासद कुनीच कशाचा न्हाई.”

कागद दिल्लीला गेले. हरकती मागवायच्या जाहिराती पेपरात आल्या. हरकत कुणी घेतली नाही, कारण वाचलंच कुणी नसावं. यथावकाश नोंदणी झाली. दिल्लीच्या निवडणूक आयोगाकडं एक आणि महापालिका लढवायची तर राज्याच्या आयोगाकडं दुसरी, अशा दोन्ही झाल्या. वेळेवर पक्षाची नोंदणी व्हायला किती वेळ लागला हा प्रश्न काकूंसमोर कुणी काढत नसे.

दोन हजार सतराच्या महापालिका निवडणुकीत काकू उभ्या राहिल्या. त्यांना चिन्ह हवं होतं घड्याळ, पण ते एका मोठ्या पक्षाकडं आधीपासून होतं. मान्यता नसलेल्या पक्षाला शिल्लक चिन्हांतून एखादं घ्यावं लागतं. त्यात काकूंनी प्रेशर कुकर निवडला.

“तीन शिट्ट्या झाल्या की भात तयार,” त्या म्हणाल्या. “कुकर कुणाला ‘बघू’ म्हणत नाही.”

सुबोधकाकांनी गच्चीवर, माझ्या खोलीसमोर, पत्र्याचा भलामोठा कुकर तयार केला. माणूस आत उभा राहील एवढा. चंदेरी रंग, काळी मूठ, वर खरी वाजणारी शिट्टी. तो दोर लावून खाली उतरवला आणि हातगाडीवर ठेवून प्रभागात फिरवला. पोरं मागं धावायची. मोठ्या पक्षांच्या गाड्या जायच्या तेव्हा लोक घरात असायचे, कुकर आला की दारात यायचे. काका त्या दिवसांत एकदाही उशिरा उठले नाहीत. सभेच्या सतरंज्या तेच घालायचे, तेच उचलायचे, बॅनर तेच रंगवायचे. काकू भाषण करायच्या. ‘पाणी रोज द्या म्हणत नाही, येणार कधी ते सांगा,’ एवढंच भाषण. ठरल्या वेळेला सुरू आणि ठरल्या वेळेला बंद.

मतं पडली चारशेच्या आसपास. अनामत गेली, कुकर दोरानं पुन्हा गच्चीवर गेला. काकूंना वाईट वाटलं नाही. उलट चारशे माणसांना वेळेचं महत्त्व आहे हे समजल्यानं त्या खूश होत्या. पुढच्या निवडणुकीला पाच वर्षं होती आणि तोवर हजार जमवू असं त्यांनी ठरवलं.

पाच वर्षं झाली आणि निवडणूकच आली नाही. साऱ्या राज्यात महापालिकांच्या निवडणुका कोर्टकचेरीत अडकल्या, मुदत संपली, प्रशासक आले. वेळेवर पक्ष निवडणुकीची वाट पाहत बसला. दर रविवारी बैठक व्हायची, धपाटे आणि दही व्हायचं, ठराव व्हायचा की निवडणूक त्वरित घ्यावी, आणि मंडळी घरी जायची. माणूस बसून राहिला की त्याच्या डोक्यात काहीबाही येतं, तसं पक्षाचंही होत असावं.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात अण्णारावांच्या डोक्यात युती आली.

“वहिनी, आपण किती दिवस एकटं राहणार? एका मोठ्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याबरोबर गेलो तर निवडणूक लागेल तेव्हा एक जागा नक्की सुटेल.”

काकूंनी विचारलं, “त्यांची सभा सहाची असली तर सुरू कधी होते?”

“आठ, साडेआठ. मोठे पक्ष आहेत वहिनी, चालायचंच.”

“मग आपली युती कशी होईल?”

काकूंनी विषय संपवला. अण्णारावांचा चेहरा उतरला. विषय मतदानाला टाकायचा असतो, असं त्यांनीच घटनेत लिहिलेलं होतं, पण काकूंना ते कधी सुचलं नव्हतं आणि बाकीच्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी राज्यातले मोठमोठे पक्ष फुटत होते. टीव्हीवर दिवसभर तेच. खरा पक्ष कुठला, चिन्ह कुणाचं, बहुमत कुणाकडं. अण्णारावांनी ते सगळं मन लावून पाहिलं असणार, कारण पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या गच्चीवर वेगळी बैठक बोलावली. कार्यकारिणी सातजणांची. अण्णाराव धरून चौघं तिकडं होते. चौथे सुबोधकाका होते.

मला हे काकूंकडूनच कळलं. मी कॉलेजातून येत होतो आणि त्या फाटकाशी उभ्या होत्या.

“सर, एक विचारायचं होतं. पक्षांतरबंदीचा कायदा नवऱ्याला लागू होतो का?”

“तो आमदार-खासदारांना, निवडून आलेल्यांना असतो, काकू.”

“असं का,” त्या म्हणाल्या. “मग निवडून यायला हवं होतं.”

सुबोधकाकांना तिकडं प्रवक्ता केलं होतं. घर तेच, ताट तेच, पण बैठकीत आता एक अध्यक्षा आणि एक प्रवक्ता समोरासमोर पेपर वाचत बसायचे. मी भाडं द्यायला गेलो की दोघंही मला वेगवेगळा चहा विचारायचे.

भांडण पेटलं ते कुकरवरून. अण्णारावांचं म्हणणं, बहुमत आमच्याकडं म्हणून चिन्ह आमचं. मान्यता नसलेल्या पक्षाचं चिन्ह कायमचं नसतं, पुढच्या वेळी ते कपबशी देतील नाहीतर भेंडी, असं मी दोन्ही बाजूंना समजावलं. पण अण्णारावांना चिन्ह म्हणजे तो पत्र्याचा कुकर हवा होता. ते टेंपो घेऊन आले. कुकर जिन्यातून निघत नाही, तो दोरानंच उतरवावा लागतो, आणि दोराला सहा माणसं लागतात. त्यांच्या गटातून आलेली माणसं चार, त्यातले दोघं गुडघेदुखीवाले. शेवटी मी आणि शेजारचे तिघं गच्चीवर गेलो. काकू म्हणाल्या होत्या की मी बघणारसुद्धा नाही. कुकर कठड्यावरून खाली सरकला आणि विजेच्या तारेकडं झुकला, तशा त्या अंगणात धावत आल्या.

“डावीकडं घ्या. डावीकडं. अहो, मुठीला धरू नका, मूठ निघेल.”

त्यांच्या सांगण्याबरहुकूम सगळ्यांनी दोर सैल सोडला. कुकर पोचा न पडता टेंपोत गेला. टेंपो गेल्यावर काकू आत गेल्या नाहीत, तिथंच उभ्या राहिल्या. तासाभरानं टेंपो परत आला. अण्णारावांच्या बायकोनं हे धूड अंगणात ठेवून घ्यायला साफ नकार दिला होता. शेवटी कुकर आमच्या कंपाउंडमध्ये, पार्किंगच्या कोपऱ्यात, कुणाच्याच गटात नाही अशा जागी ठेवला गेला.

त्या दिवशी जेवताना काकूंनी नवऱ्याला विचारलं. हे मला काकांनी नंतर सांगितलं.

“मला एकदा सांगायचं तरी होतं तुम्ही.”

“कधी सांगणार?” काका म्हणाले. “इतकी वर्षं सतरंज्या घातल्या, कुकर रंगवला. बैठकीत तू बोलायचीस आणि बैठक संपायची. माझी बोलायची वेळ त्यात कधी आलीच नाही.”

काकू ताटावरून उठल्या. भाकरी तशीच ताटात राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर आल्या. त्या सहसा वर येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या,

“सर, तुम्ही ते सांगितलं होतंत ना, एकच पक्ष असतो, दुसरा काढायची सोय नसते. आमच्या घरात तसं होतं. मला वाटायचं, लोकशाही आहे.”

मी चहा केला.

त्या महिन्यापासून रविवारची बैठक पुन्हा एकत्र भरू लागली. काकू स्वतः अण्णारावांच्या घरी जाऊन बोलावून आल्या. गट मोडला असं कुणी जाहीर केलं नाही, जोडला असंही नाही. पण काकू आता शेवटी बोलायच्या. त्यांना ते फार जड जायचं. कुणी लांबण लावली की त्यांचा हात आपोआप मनगटाकडं जायचा आणि मग त्या तो दुसऱ्या हातानं धरून ठेवायच्या. काकांनी एकदा फूटपाथवरच्या झाडांविषयी बराच वेळ भाषण केलं, ज्याचा पाण्याच्या वेळेशी काही संबंध नव्हता. काकूंनी ते पुरतं ऐकलं.

फुटीच्या गोंधळात वार्षिक हिशेब पाठवायचे राहिले होते आणि राज्याच्या आयोगाच्या यादीतून पक्षाचं नाव उडालं होतं. दोन हजार पंचवीसमध्ये दिल्लीच्या आयोगाची नोटीस आली. ज्या पक्षांनी सहा वर्षांत लोकसभेची किंवा विधानसभेची एकही निवडणूक लढवली नाही, त्यांची नावं का काढू नयेत, म्हणून विचारणा होती. देशभर अशा शेकडो पक्षांना ती गेली होती. आमच्या पक्षानं जन्मात एकच निवडणूक लढवली होती आणि ती महापालिकेची, म्हणजे दिल्लीच्या हिशेबात धरण्यासारखी नाही.

सुनावणीला मुंबईला काकू, काका, अण्णाराव आणि इंग्रजी कागद वाचायला म्हणून मी असे चौघं गेलो. अण्णारावांनी बारा पानी निवेदन आणलं होतं. समोरचे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी निवेदन चाळलं आणि काकूंना विचारलं,

“लोकसभा किंवा विधानसभा लढवलीत का?”

“नाही.”

“का नाही लढवलीत?”

“आम्हाला आमच्या नळाच्या वेळेशी काम होतं, साहेब. त्यासाठी दिल्लीला जायचं काही कारण नव्हतं.”

अधिकारी हसले. नियम नियमाच्या जागी आहे, असं म्हणाले. काकूंनीही मान हलवली. बाहेर आल्यावर अण्णाराव अपील, उच्च न्यायालय असं काही बोलू लागले, तर काकू म्हणाल्या, “जो परीक्षेला बसतच नाही, त्याचं नाव हजेरीपटावर किती वर्षं ठेवायचं? मी शाळेत असते तर मीही काढलं असतं.” आणि मग, जराशानं, “पण आपलं काढलं की लागतं.”

परतीच्या गाडीत जेऊर गेलं तशा काकू खिडकीपाशी सरकल्या. केमला गाडी थांबली तर शहाजीमामा डबा घेऊन फलाटावर उभे होते.

“आक्का, ग्येला का पक्ष?”

“गेला.”

“जाऊ दे की. आमच्या पॅनेलचं बरं हाय बग. पाटीच न्हाई, तर मोडायचं काय?” त्यांनी खिडकीतून डबा दिला. “पिठलं-भाकरी हाय. ताजं हाय, खाऊन घ्या समदी.”

काकूंना हसू आलं. गाडी हलली तरी मामा बरोबर चालत राहिले आणि ठेचा वेगळा बांधलाय म्हणून सांगत राहिले.

आणि मग, पक्ष गेल्यावर, निवडणूक आली. जानेवारीत मतदान. डिसेंबरातच कॉलनीत गाड्या फिरू लागल्या. एका मोठ्या पक्षाचे दोन कार्यकर्ते घरी आले. त्यांना महिला जागेसाठी उमेदवार हवी होती. काकूंचं नाव सगळ्या प्रभागाला माहीत, कुकरवाल्या काकू म्हणून का होईना.

“तुम्ही फक्त हो म्हणा, काकू. पत्रकं, गाड्या, सगळं आमचं.”

काकूंनी एक दिवस मागितला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो आणि मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना हो म्हणायचंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरंच निवडून यायची शक्यता होती. त्या नगरसेविका होऊन कचेरीत बसतील आणि पाण्याची वेळ विचारतील, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत असणार. पण त्यांनी जुन्या कार्यकारिणीला बोलावलं. सातहीजण आले.

“पक्ष नाही आपला आता,” काकू म्हणाल्या. “तरी मतदान घेऊ. मला उभं राहावंसं वाटतं. तुम्ही म्हणाल तसं करीन.”

अण्णाराव लगेच हो म्हणाले. त्यांना एवढ्या वर्षांनी युती मिळत होती. बाकीचे काकांकडं पाहू लागले.

“मी नाही म्हणतो,” काका म्हणाले.

“का?”

“तिकडं तू शेवटच्या रांगेत बसशील. वर जे ठरेल ते ऐकशील आणि खाली येऊन आम्हाला सांगशील. मी तसं बसलोय, विजू. मला ठाऊक आहे कसं असतं.”

हात वर झाले. दोन विरुद्ध पाच. दोन म्हणजे काकू आणि अण्णाराव. काकूंनी पदरानं चेहरा पुसला, सगळ्यांना चहा दिला आणि आमच्यासमोर त्या कार्यकर्त्यांना फोन करून नकार कळवला. फोन ठेवल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी लावत राहिल्या.

त्या पक्षानं मग पायल नावाच्या एका तिशीतल्या मुलीला उभं केलं. ती एका सहकारी पतसंस्थेत नोकरीला होती. प्रचार जोरात झाला. वर्गात दाखवायला म्हणून मी सगळ्या पक्षांची पत्रकं गोळा केली आणि एका संध्याकाळी काकूंच्या टेबलावर पसरली. प्रत्येक पत्रकात, रंग वेगळा, फोटो वेगळा, पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला तेच होतं: पाण्याचे निश्चित वेळापत्रक. एकानं तर ‘येणार कधी ते सांगा’ हे शब्दच्या शब्द उचलले होते.

“चोर आहेत,” अण्णाराव म्हणाले.

मी म्हणालो, “असंच होतं, अण्णाराव. छोटे पक्ष बहुतेक मरतात. त्यांची मागणी मोठ्या पक्षांच्या पोटात जाते आणि तिथं जगते.”

काकू चष्मा लावून एकेक पत्रक वाचत होत्या. “जगू दे,” त्या म्हणाल्या. “पण ह्यानं ‘निश्चित’मधला ‘श्चि’ चुकवलाय.”

निकालाच्या दिवशी पायल निवडून आली. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या घरावरून गेली. काकू गॅलरीत उभ्या होत्या. मी शेजारी होतो. “ह्या गाडीवर मी असते, सर,” त्या हळूच म्हणाल्या. मग मिरवणूक वळेपर्यंत पाहत राहिल्या.

महिन्याभरानं पायल घरी आली. काकूंच्या पाया पडली आणि म्हणाली की तिनं पाणीपुरवठ्याच्या लोकांशी बोलून कॉलनीसाठी मोबाइलवर एक ग्रुप सुरू केलाय. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी त्यावर वेळ येईल. दरवेळी बरोबर येईलच असं नाही, पण येईल. “काकू, महिन्यातून एकदा तुम्ही माझ्याबरोबर बसाल का? काय चुकतंय ते सांगायला?”

“मी एकटी नाही बसणार,” काकू म्हणाल्या. “आम्ही सातजण आहोत.”

पहिली बैठक गेल्या रविवारी झाली. पायल सांगितल्या वेळेला आली, अण्णाराव निवेदन घेऊन आले, आणि सुबोधकाकांना बाजारातून यायला अर्धा तास उशीर झाला. काकूंनी बैठक थांबवून ठेवली. काका आल्यावर त्यांना पाणी दिलं, बसायला जागा दिली.

“आधी तुम्ही बोला,” त्या म्हणाल्या.

काकांनी घाम पुसला आणि फूटपाथवरच्या झाडांपासून सुरुवात केली. पायल लिहून घेऊ लागली.